ऐच्छिक आहे, कापून घेतली आहे

ओवे गावाला लागून जे टॉवर उभे राहिले आहेत, तिथे सध्या क्रूझची साथ आहे. चारधाम झालं, दुबई झाली, थायलंडला जाऊन आलेला माणूस लिफ्टमध्ये ते सांगेनासा झाला, तेव्हा आता समुद्र. तसा समुद्र पनवेलकराला नवा नाही, खाडीच्या वासावर वाढलेला तालुका आहे आपला. पण खाडीकडे बघताना माणूस खिडकी लावून घेतो आणि सिंगापूरच्या समुद्रासाठी बाल्कनीचे जादा पैसे भरतो. चार रात्री, चौघांची केबिन, आणि तळमजला यायच्या आत ऐकवलेलं एक वाक्य : ‘सगळं इन्क्लुडेड आहे.’

असं म्हणणाऱ्या माणसाने बुकिंगच्या कागदावरची एक ओळ अजून वाचलेली नसते. ग्रॅच्युइटी, माणशी, दर दिवशी. म्हणजे टिप.

आता हिशेब करू. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर साध्या केबिनला हा दर माणशी दिवसाला १६ ते २० डॉलरच्या दरम्यान आहे. स्वीट घेतला तर आणखी वर. मधला १८ धरा. नवरा, बायको, दोन पोरं, चार रात्री. झाले २८८ डॉलर. डॉलर ९० रुपयांनी धरला तर २५ हजार ९२० रुपये. हो, पोरांचेही. काही कंपन्या दोन वर्षांच्या आतल्या बाळाला सोडतात, काही त्यालाही सोडत नाहीत. सहा वर्षांचं कार्टं आइसक्रीमच्या मशिनपाशी उभं राहून स्वतःच्या हाताने कोन भरून घेतं, निम्मा शर्टावर सांडतं, त्या सेवेचे ७२ डॉलर.

इथे गृहस्थांचा चेहरा बघण्यासारखा होतो. कारण त्यांची टिपेची सगळी जडणघडण बडीशेपेच्या वाटीवर झालेली आहे. आपल्याकडे बिल येतं ते काळ्या रेक्झिनच्या फोल्डरात, बरोबर वाटी. पहिली क्रिया, बिलाची बेरीज तपासणे. दुसरी, बडीशेप तळहातावर घेऊन तिच्यातली खडीसाखर आधी वेचणे. तिसरी, वेटर पाठमोरा झाला की वाटीखाली वीसची नोट सरकवणे, आणि बायकोने भुवई उंचावली तर तीच नोट परत घेऊन दहाची ठेवणे. बिल आठशेचं असो की तीन हजारांचं, नोट तीच. टक्केवारीचा संबंध नाही. ‘सुट्टे नाहीत’ ही पळवाट तर वंशपरंपरागत. हल्ली वेटरही टिपेसाठी क्यूआर कोड पुढे करतात, त्यामुळे तीही बुजत चालली आहे. जहाजावर ती नाहीच. तिथे रोख रक्कम चालत नाही. गळ्यात एक कार्ड अडकवतात, सगळं त्याच्यावर चढतं आणि ग्रॅच्युइटी कोणी न मागता रोज आपोआप चढत राहते.

मग गृहस्थ कायद्यावर येतात. आपला मध्यमवर्ग पैसे द्यायची वेळ आली की फार अभ्यासू होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलांनी बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. हा निकाल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर इतक्या वेळा फॉरवर्ड झाला आहे की न्यायमूर्तींनीही तो इतक्यांदा वाचला नसेल. निकाल उत्तमच आहे. अडचण एवढीच, की त्या जहाजाच्या पाठीवर नावाखाली बंदराचंही नाव लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा ते असतं नासाऊ. म्हणजे बहामा. मालक कंपनीचं ऑफिस मायामीत, जहाज उभं सिंगापुरात, गिऱ्हाईक ओवे कॅम्पच्या बसस्टॉपवरचं, आणि झेंडा बहामाचा. कर कमी आणि कामगार कायदे सैल म्हणून हा झेंडा. मुंबई ग्राहक पंचायतीने नासाऊला शाखा काढेपर्यंत थांबायची तयारी असेल तर भांडा.

बरं, ही ग्रॅच्युइटी म्हणजे शेवट नव्हे. बारमध्ये बियर मागवली की तिच्यावर १८ टक्के वेगळे, काही कंपन्यांत २०. स्पामध्ये मान चोळून घेतली, तिच्यावरही तसेच. ड्रिंक्सचं पॅकेज आधी घेतलं तरी टक्के त्या पॅकेजवर लागतात, मग तुम्ही प्या नाहीतर उपास करा. पनवेल-उरणच्या माणसाला टक्केवारीतला एक आकडा जन्मतः पाठ असतो, साडेबारा. तोही फुकट मिळालेला नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनी गेलेले लोक उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, आणि ते भूखंड हातात पडायला काहींची दुसरी पिढी उजाडली. बारवाला साडेपाच टक्के जास्त घेतो आणि मोर्चा काढावा लागत नाही.

खरी मेख त्या पावतीवर आहे. बारमधून सहीला जी लांबट पावती येते, तिच्यावर १८ टक्के आधीच छापून आलेले असतात. त्याच्याखाली एक रिकामी ओळ, ‘अतिरिक्त टिप’. तिच्याखाली एकूण रक्कम, तीही कोरी. दिवा मंद, अक्षर बारीक, चष्मा केबिनमध्ये, बाजूला चार परके लोक. मराठी माणूस परक्यांपुढे भलता दिलदार होतो. तो त्या ओळीवर दोन डॉलर लिहितो, म्हणजे टिपेवर टिप देतो, आणि इंग्रजी पावती नीट भरल्याच्या समाधानात उठतो. ती ओळ कोरी सोडली तर कोणी काही म्हणत नाही. एकूण रकमेपुढे छापील आकडाच पुन्हा लिहावा आणि सही ठोकावी. हे मी फुकट सांगतो आहे, टिप नको.

आमच्या आधीच्या पिढीला ही कटकट नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटी होत्या, कोकणसेवक, कोकणशक्ती. डेकवर पथारी टाकायची, वळकटीवर पाय ठेवायचे, शिदोरी सोडायची, शेजारच्याची उलटी चुकवायची. टिपेचा प्रश्न यायला आधी सेवा असावी लागते. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ आली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाचं जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करू लागलं. तेव्हापासून आपल्याकडेही क्रूझच्या कोटेशनमध्ये केबिनचं भाडं, बंदर शुल्क, ग्रॅच्युइटी आणि कर अशी उतरंड दिसू लागली. जाहिरातीत अर्थात फक्त वरचं मडकं. म्हणून एजंटाला पहिला प्रश्न ‘किती?’ असा विचारू नये. ‘ग्रॅच्युइटी धरून किती?’ असा विचारावा. तो क्षणभर गप्प झाला तर धरलेली नाही असं समजावं. आणि धरलेली नसेल तर सिंगापूरला जाऊन रोज कापून घेण्यापेक्षा बुकिंगबरोबरच भरून टाकावी. पुढे दर वाढले तरी बहुधा जुन्या दरात भागतं, आणि मुख्य म्हणजे सुट्टीत रोज सकाळी फोनवर हिशेब बघून नवऱ्याचं तोंड वाकडं होत नाही.

पूर्वी जहाजांवरही पाकिटं चालत. शेवटच्या रात्री केबिन साफ करणाऱ्याला एक, वेटरला एक, त्याच्या मदतनिसाला एक. पद्धत चांगली होती, पण प्रवासी चांगले नव्हते. शेवटच्या रात्री डायनिंग रूममधली टेबलं रिकामी राहायची आणि मंडळी वरच्या बुफेत गर्दी करायची. वेटरचा डोळा चुकवायला माणूस थंड पास्ता खातो. हे फक्त आपले लोक करत होते असं समजून मान खाली घालायचं कारण नाही. गोऱ्यांनी सुरू केलं, आपण पुढे नेलं. मग कंपन्यांनी पाकिटं बंद करून पैसे थेट खात्यातून कापायला सुरुवात केली. आणि इथे कंपन्यांची हुशारी बघा. नोकराचा पगार आपण द्यायचा तो गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा, त्याला ‘आभार’ असं नाव द्यायचं, आणि भाड्याचा जाहिरातीतला आकडा तेवढा कमी दाखवायचा. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीने २०१९ मध्ये आपोआप लागणारी टिप बंद केली, खर्च भाड्यात घेतला. जहाजं बुडाली नाहीत. म्हणजे करता येतं. बाकीच्यांना करायचं नसतं.

म्हणून माझा राग कंपनीवर आहे आणि पैसे मात्र मी पूर्ण भरावेत या मताचा आहे. हे उलटसुलट वाटत असेल तर ओवे, तळोजा, उरण या पट्ट्यात जरा फिरून या. इथल्या गल्ल्यांत क्रूझवर जाणारे दोन प्रकारचे लोक राहतात. एक तिकीट काढून जातात. दुसरे सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक, काढून जातात. बेलापूर, नेरुळला मरीनचे कोर्स चालवणाऱ्या संस्था जागोजागी. न्हाव्याला ‘टीएस रहमान’, १९१० सालची. हॉटेल मॅनेजमेंट झालेली पोरं एसटीसीडब्ल्यूचा सुरक्षा कोर्स करतात, मेडिकल करतात, एजंटच्या ऑफिसात खेटे घालतात. काहींना परवाना नसलेला एजंट भेटतो आणि बापाने काढलेलं कर्ज बोटीआधी बुडतं. जो खरंच जहाजावर चढतो तो सहा ते नऊ महिने घरी येत नाही. आठवड्याला सुट्टी नाही, दिवस दहा-बारा तासांचा, झोपायला पाण्याच्या पातळीखालची दोघांतली केबिन. खिडकी नाही. ज्याला समुद्र बघायचे पैसे पडतात तो वर, ज्याला समुद्रात राहायचे पैसे मिळतात तो खाली.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२५ साठी कुशल खलाशाचा किमान मूळ पगार महिन्याला ६७३ डॉलर ठरवला होता. तो दर्यावर्दी खलाशाचा. वेटर, केबिनवाला, भांडी घासणारा यांचं कुठे किती हे कंपनी आणि कंत्राट ठरवतं, आणि कित्येक ठिकाणी त्यातला मोठा हिस्सा याच ग्रॅच्युइटीच्या गल्ल्यातून येतो. तुमच्या पलंगावर रोज संध्याकाळी टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा, त्याला तुमचाच गॉगल घालणारा, पोरगी टाळ्या पिटते म्हणून दुसऱ्या दिवशी माकड करून पडद्याला टांगणारा माणूस त्यात आहे. ते माकड करायला त्याला एका केबिनमागे मिळतात किती मिनिटं, हे विचारून बघा. विचारताना फोटो काढत असाल तर फोन खाली ठेवा.

ही आपोआप कापलेली टिप बऱ्याच कंपन्यांत काढूनही घेता येते. त्यासाठीच तिला ‘ऐच्छिक’ म्हणतात. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जायचं, सांगायचं, ते कमी करतात. लाखभराचं विमान, लाखभराची केबिन, तीन हजारांचे फोटो, आणि मग रात्री अकरा वाजता काउंटरवर उभं राहून टॉवेलच्या हत्तीचे पैसे परत.

आमच्याच इमारतीतल्या गृहस्थांना हे ‘काढून घेता येतं’ कळलं. दिवाळीची पोस्त घराला दोनशे ठरली होती तेव्हा ‘वॉचमनला पगार देतोच की आपण’ म्हणून मीटिंग दीड तास लांबवणारे हेच. समोरच्या विंगमधला एक पोरगा जहाजावर रूम अटेंडंट आहे, सध्या कंत्राट संपवून घरी आलाय, पुढची बोट मिळेपर्यंत आईला बाजारातून भाजी आणून देतो. त्याला यांनी लिफ्टपाशी गाठलं. हातात छापून आणलेलं बुकिंग, त्यावर हिरव्या पेनने गोल केलेली ग्रॅच्युइटीची ओळ.

‘काय रे, हे काढायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं?’

पोराने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मेथीची जुडी बाहेर लोंबत होती, ती आत ढकलली.

‘गेस्ट सर्व्हिसेसला जायचं काका. चढल्यावर कोणीही दाखवेल. शेवटच्या रात्री जा. रांग असते, पण कंटाळा नाही येणार, सगळे आपलेच भेटतात.’

गृहस्थांनी मान डोलवली, कागदाची घडी घातली आणि लिफ्टचं दार बंद होताना पाय मध्ये घालून विचारलं, ‘काउंटरला मराठी कोणी असतो का रे? नाही, म्हणजे, जरा समजून घेईल.’