पहिला प्रश्न पडद्यावरून

जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला १०८वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. पंतप्रधानांनी उद्घाटन केलं ते पडद्यावरून. कुणालाही त्यात कमीपणा वाटला नाही, वाटायचं कारणही नाही. मग पडद्यापलीकडून ऐकणाऱ्या विद्यार्थ्यालाच दुय्यम का मानायचं?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत. उन्हाळ्यात पॅनेलवर धूळ किती साचते, पवनचक्क्या आल्यावर चराईचं काय झालं, हे इथल्या बीएस्सीच्या मुलीला घराबाहेर पडलं की दिसतं. अक्षय ऊर्जेवरच्या परिषदेला तिची गरज आहे. तिला मिळतं काय? एक लिंक, बंद माइक आणि फीडबॅक फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र. २०२०च्या टाळेबंदीत अशा वेबिनारांचा पूर आला होता. प्रमाणपत्रं जमली, ओळखी झाल्या नाहीत.

घरी एकट्यानं मोबाइलवर दिवसभर भाषणं ऐकणं हा सहभाग नव्हे. टाळेबंदीच्या आधीच, जानेवारी २०२० मध्ये, प्रकाशविज्ञानाच्या संशोधकांनी ‘फोटॉनिक्स ऑनलाइन मीटअप’ भरवली. हजारावर लोक, शुल्क शून्य. ठिकठिकाणी गट करून ते एकत्र बसले आणि भाषण संपल्यावर आपसात बोलले. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण ती साक्रीत उद्या जमेल. कॉलेजातला एक वर्ग, प्रोजेक्टर, वीज गेली तर इन्व्हर्टर आणि विषय जाणणारे एक सर किंवा मॅडम. पिंपळनेर-निजामपूरची मुलं एसटीनं येतील. स्लाइड आदल्या दिवशीच पाठवा, म्हणजे मध्येच रेंज गेली तरी मुलं मागे पडणार नाहीत. प्रश्न मराठीत आला, अहिराणीत आला, तरी घ्या. सभागृहात तो समजावून सांगणारं कुणीतरी असतंच.

आणि प्रत्येक सत्रातला पहिला प्रश्न पडद्यावरूनच घ्या. समोर हात वर झाले की अध्यक्षांची नजर तिकडे जाते, आणि चॅटमधले प्रश्न चहाची वेळ होईपर्यंत तसेच राहतात. चॅट वाचायला एक माणूस बसवा. त्याला हारतुऱ्यांच्या कामाला लावू नका.

बहिणाबाई चौधरी विद्यापीठाकडे जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे आहेत. पुढच्या परिषदेच्या पत्रिकेत जळगावच्या सभागृहाखाली साक्री आणि नंदुरबारमधल्या धडगावचीही नावं छापा, तिथल्या वर्गखोलीच्या पत्त्यासह.