माझ्याकडे तर चालतंय!

पुणे-सोलापूर रस्त्याला चौफुला मागे पडलं की वरवंड येतं. तिथल्या ओसरीवर हल्ली हा प्रोग्रॅमर गृहस्थ भेटतो: नोकरी हडपसरला, मुक्काम गावी, मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन. समोरून उसाची ट्रॉली गाणी वाजवत जाते आणि ती गाणी थेट ग्राहकाच्या मीटिंगमध्ये पोचतात. ग्राहकाची तक्रार मात्र वेगळीच असते: प्रोग्रॅम चालतच नाही. त्यावर याचं उत्तर ठरलेलं: "माझ्याकडे तर चालतंय!"

चालणारच की! लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारा 'एलडी लायब्ररी पाथ' याच्याच बॅशआरसीत, आणि लायब्ररी याच्याच होम डिरेक्टरीत 'टेस्ट फायनल नवीन' नावाच्या फोल्डरात. दुसऱ्याच्या मशीनवर प्रोग्रॅम टाकला की तो शेअर्ड ऑब्जेक्ट सापडत नाही म्हणून हात वर करतो. मग ज्युनिअरचा फोन.

"दादा, लायब्ररी मिळेना."

"एलडी लायब्ररी पाथ लाव ना, बाबा."

"दादा, हे एआयएक्स आहे."

इथे दादांचा चहा बशीतच राहतो. एआयएक्स या युनिक्सवर तो पाथ 'लिबपाथ', जुन्या एचपी-यूएक्सवर 'एसएचलिब पाथ', मॅकवर आणखी तिसराच. फाइलचीही तीच तऱ्हा: लिनक्सवर डॉट एसओ, मॅकवर डायलिब, जुन्या एचपीवर एसएल, आणि एआयएक्स शेअर्ड ऑब्जेक्टसुद्धा डॉट ए आर्काइव्हच्या पोटात घालून ठेवतं. ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा असो, ट्रॉलीची पिन बसते. युनिक्स कंपन्यांना तेवढंही जमलं नाही.

हा घोळ निस्तरायला गॉर्डन मात्झिगकाइट यांनी १९९६ साली ग्नू लिबटूल लिहिलं. आपण एकच आज्ञा द्यायची, कुठल्या सिस्टिमशी काय बोलायचं ते लिबटूल बघून घेतं. पण दादांना ते आवडत नाही. "एवढं अगडबंब शेल स्क्रिप्ट? माझं दहा ओळींत होतं." मग त्या दहा ओळींत मॅकसाठी एक 'इफ' शिरतो, सोलारिससाठी दुसरा, इन्स्टॉल करताना पुन्हा लिंक करायला तिसरा. दोन दिवाळ्यांत ते स्क्रिप्ट लिबटूलएवढं फुगतं. मॅन्युअल तेवढं नसतं.

वरिष्ठांनी दटावल्यावर लिबटूल वापरलंच, तर गाडी व्हर्जन-इन्फोवर अडते. तिथले तीन आकडे (करंट, रिव्हिजन, एज) इंटरफेसचे असतात; त्यांचा रिलीजच्या आकड्याशी मेळ घालू नका, असं मॅन्युअल बजावून सांगतं. प्रॉडक्ट ४.२ झालं की हा ४:२:० ठोकतो. ४.३ मध्ये एक जुनं फंक्शन उडवतो आणि ४:३:० लिहून मोकळा होतो. करंट ४ च राहिल्यामुळे लिनक्सवर सोनेम (लायब्ररीचं व्हर्जनसह नाव) बदलत नाही. जुने प्रोग्रॅम ती लायब्ररी बिनदिक्कत उचलतात आणि नेमकं ते फंक्शन मागताना कोसळतात.

तेव्हा मंडळी, अशाची बिल्ड हाती आली तर आधी कोऱ्या मशीनवर, कुठली लायब्ररी कुठून येते ते दाखवणारं एलडीडी चालवा, मॅक असेल तर ओटूल. एखादी लायब्ररी सापडत नसेल किंवा एखादा पाथ याच्या होम डिरेक्टरीकडे बोट दाखवत असेल तर बिल्ड तशीच परत पाठवा. आणि ते तीन आकडे काहीही झालं तरी त्याला ठरवू देऊ नका.