अल्पभूधारकाने प्रशिक्षित कसे व्हावे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन. तुम्ही लहान शेतकरी आहात, म्हणजे सरकारला तुमची काळजी आहे. जमीन एक हेक्टरच्या आत असेल तर तुम्ही अत्यल्पभूधारक, एक ते दोन हेक्टर असेल तर अल्पभूधारक. दोनच्या वर असाल तर ही मार्गदर्शिका शेजाऱ्याला देऊन टाका. आपण एकटेच आहोत असं मात्र समजू नका. 2015-16च्या कृषिगणनेनुसार देशातल्या दर शंभर वहितीदारांपैकी 86 जण तुमच्याच मापाचे आहेत. एवढं बहुमत असूनही 'दुर्लक्षित घटक' म्हणून कसं राहायचं, ही कला तुम्हाला वाडवडिलांकडून आलेलीच आहे. बाकीचं आम्ही शिकवतो.

शिकवायला पैसा भरपूर आहे, ही पहिली गोष्ट लक्षात घ्या. कृषी विज्ञान केंद्रं आहेत. पहिलं 1974 साली पुदुच्चेरीला निघालं. 'आत्मा' आहे, म्हणजे जिल्ह्याची कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा. तिच्या खर्चाचे साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. (नावावरचे सगळे विनोद करून झालेले आहेत, तुम्ही नवे करू नका.) विदर्भ-मराठवाड्यात जागतिक बँकेच्या कर्जातून पोकरा प्रकल्प आला आणि गावोगाव शेतीशाळा भरल्या. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, आदिवासींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना. यातलं बरंचसं यायच्या आधी, 2003 सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत साठ टक्के शेतकरी कुटुंबांनी सांगितलं, की आम्हाला शेतीचा सल्ला कुठूनच मिळाला नाही. सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून सल्ला मिळालेले सहा टक्केही नव्हते. बी-बियाणं आणि औषधं विकणाऱ्या दुकानदाराकडून मिळालेले मात्र तेरा टक्के. साहजिक आहे. दुकानदार उधारीवर शिकवतो.

आधी लहान असल्याचं सिद्ध करा

तुमची परिस्थिती अख्ख्या गावाला ठाऊक आहे, पोर्टलला नाही. त्याला दाखवायला सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर लागतो. तो मोबाइल चालू लागतो, आणि ओटीपी येईल तेव्हा पोराने तो क्रिकेट बघायला नेलेला नसावा लागतो. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. सही-शिक्क्यासाठी तलाठ्याला शोधत फिरू नका. ते आता ग्राम महसूल अधिकारी आहेत. ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले, कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी झाले. माणूस तोच, मोटारसायकल तीच, गळ्यात अडकवलेली गावंही तेवढीच. आदराने हाक मारा, म्हणजे झालं.

सातबाऱ्यावर अजून आजोबाच असतील तर घाबरू नका, ते निम्म्या गावाच्या सातबाऱ्यावर आहेत. फक्त प्रशिक्षणाला त्यांना आणता येत नाही, त्यामुळे आधी वारसनोंद करून घ्या. ती करताना चार चुलते, दोन आत्या आणि मुंबईचा एक चुलतभाऊ सहीला एका जागी आणणं हा वेगळा अभ्यासक्रम आहे. त्याला अनुदान नाही.

आता थोडं गणित. स्वावलंबन योजनेतून नवी विहीर हवी असेल तर स्वतःच्या नावावर किमान 0.40 हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते. तीस गुंठेवाला या विहिरीत मावत नाही, तो फारच लहान. ठिबकला लहान शेतकऱ्याला केंद्राच्या योजनेतून 55 टक्के, ट्रॅक्टरला 50 टक्के किंवा सव्वा लाख यांतलं कमी असेल ते. रीत अशी : अर्ज करा, पूर्वसंमती घ्या, कोटेशन लावा, वस्तू पूर्ण पैसे देऊन घ्या, बिल चढवा, साहेब मोक्यावर येऊन तपासणी करतील, मग अनुदान खात्यात. म्हणजे अनुदानाची गरज असलेल्याकडे अनुदानाची गरज नसण्याइतके पैसे आधी हवेत. हे एकदा नीट समजलं, की पुढची सगळी कागदपत्रं वाचायला सोपी जातात. पूर्वी अर्जांची सोडत निघायची, तेव्हा नशीब लागायचं. 2025 पासून जो आधी अर्ज करील त्याला आधी, असं ठरलं. आता नशिबाऐवजी नेट लागतं.

प्रशिक्षणाचा दिवस

प्रशिक्षण बहुधा दोन वेळा निघतं : पेरणीच्या ऐन घाईत, नाहीतर मार्चअखेरीस. पेरणीच्या वेळी तुम्हाला सवड नसते आणि मार्चमध्ये वावरात काही नसतं. यांपैकी मार्चचं निवडा. निधी संपवायचा असल्याने जेवण चांगलं असतं.

सकाळी दहाची वेळ दिली असेल तर साडेअकराला निघा. बसायची जागा विचारपूर्वक घ्या. पहिली रांग सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि त्यांच्या भाच्यांची. हे सगळे कागदोपत्री अल्पभूधारक असतात, कारण वीस एकर चार नावांवर आहेत. मागची रांग सिगारेटवाल्यांची. तुम्ही मधे बसा, फोटोत डोकं दिसेल असं. हजेरीपटावर सही किंवा अंगठा आत शिरतानाच करा, नंतर गर्दी होते. फ्लेक्सवर तारीख स्पष्ट वाचता येईल असा एक आणि जिओ टॅग असलेला एक, असे दोन फोटो होतील. फोटो झाले की प्रशिक्षण कायद्याच्या दृष्टीने झालेलं असतं. त्यानंतर शास्त्रज्ञ जे सांगतील तो निव्वळ नफा समजा.

आणि तो नफा खरंच घ्या, ही आमची विनोदाच्या बाहेरची सूचना आहे. शेतीशाळेची मूळ कल्पना फ्लेक्सवाल्यांची नव्हे. 1989 साली इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांनी शेतकरी हैराण झाले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने पंचवीस-तीस जणांचा गट धरून त्याला हंगामभर दर आठवड्याला शेतात उतरवलं. फळा नाही, सतरंजी नाही. रोप निरखायचं, किडी मोजायच्या, त्या किडींना खाणारे मित्रकीटक मोजायचे आणि फवारायचं की नाही हे आपसात बोलून ठरवायचं. आपल्याकडे चांगला सहायक लाभला तर आजही अशी शाळा भरते. कपाशीत हेक्टरी पाच कामगंध सापळे लावायचे, सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तरच गुलाबी बोंडअळीसाठी हात उचलायचा. एवढी एक गोष्ट कळली तर एका फवारणीचे पैसे वाचतात. वाचलेल्या पैशांचा फोटो निघत नाही म्हणून ती अहवालात येत नाही.

शेतकरी कुणाला म्हणावे

इथे नवशिके हमखास गोंधळतात. वावरात काम करतो तो शेतकरी, असं त्यांना वाटतं. चूक. सातबाऱ्यावर असतो तो शेतकरी.

2017च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. त्यात शेतकरी होते, तसे रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. त्यानंतर हातमोजे, मास्क, चष्मे यांचं वाटप झालं, सुरक्षित फवारणीची प्रशिक्षणं झाली, पत्रकं निघाली. पत्रक हाती पडलं मालकाच्या. तो मन लावून ऐकणाराही असेल, पण पंप दुसऱ्याच्या पाठीवर होता. ज्याच्या नाकातोंडात औषध जातं त्याचा सातबारा नाही, आठ-अ नाही, शेतकरी क्रमांक नाही. प्रशिक्षणाला बसला तर त्याचा दिवसाचा रोज बुडतो, आणि तो भरून देण्याचा रकाना आम्हाला अजून कुठल्या अंदाजपत्रकात दिसलेला नाही. चहा-नाश्त्याचा दिसतो. बटईने शेती करणाऱ्याचंही तेच. पेरतो तो, कर्ज काढतो तो, बोंडअळीशी भांडतो तो, आणि शेतीशाळेत प्रमाणपत्र घ्यायला उठतो तालुक्याला राहणारा जमीनमालक.

बायांची सोय स्वतंत्र आहे. आत्माच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान तीस टक्के निधी महिलांवर खर्च व्हायला हवा. हे उद्दिष्ट गाठायचा रूढ उपाय म्हणजे बचत गटाच्या अध्यक्षांना आदल्या रात्री फोन. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूला लुगडी-साड्यांची रांग दिसते, विषय ट्रॅक्टरची देखभाल असा असतो, आणि बाया जेवणाआधी उठून जातात, कारण घरी गुरं आहेत. निंदणी, वेचणी, बियाणं राखणं ही कामं बहुतेक ठिकाणी त्यांच्याच हातची. तरी देशातल्या वहितीदारांत बायका 2015-16 साली शंभरात चौदाच होत्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून घराघरात नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करून द्यायला लावलं, आणि पुढे 1992 साली राज्य सरकारनेही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर चढवण्याची वाट मोकळी केली. ती वाट अजून मोकळी आहे. फारशी रहदारी नसल्यामुळे खड्डेही पडलेले नाहीत. तुम्ही नवरे असाल तर हा परिच्छेद मोठ्याने वाचू नका, घरात ऐकू जाईल.

अभ्यास सहल

कोरडवाहू गटाला बहुधा बागायतीत नेतात. तिथे शेडनेट, हिरवीगार सिमला मिरची आणि मालकाची गाडी बघावी. पाणी कुठून येतं, असं विचारू नये, यजमान अवघडतो. विचारायचंच असेल तर पहिल्या वर्षी तोटा किती झाला, ते विचारा. चांगला शेतकरी खरं सांगतो आणि त्या दहा मिनिटांत बसभाडं वसूल होतं. परतीच्या वाटेवर देवदर्शन असतं. ते कार्यक्रमपत्रिकेत नसतं, तरी सहलीची हजेरी त्याच्यामुळेच शंभर टक्के भरते.

पुढची पायरी

तीन-चार हजेरीपटांवर नाव आलं की तुम्ही 'प्रगतशील' होता. यासाठी अर्ज नाही. एके दिवशी सूत्रसंचालक तसं म्हणतो आणि मग सगळेच म्हणू लागतात. तुमच्या बांधावर प्रात्यक्षिकाचा बोर्ड लागतो, शेतीशाळा तुमच्या वावरात भरते आणि पंचवीस जण तुमची तूर तुडवून जातात. तक्रार करू नका, हा मान आहे. पुढच्या मार्चला तुम्हाला मार्गदर्शक म्हणून बोलावणं येईल : शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांची भाषणं लांबल्यामुळे उरलेली सात मिनिटं. खिशात एक कामगंध सापळा घेऊन जा, तो उंच धरून दाखवा, आठ पतंगांचा हिशेब सांगा आणि खाली बसा. जाताना ज्याच्याकडून फवारणी करून घेता त्या गड्यालाही बरोबर न्या. हजेरीपटाच्या खातेक्रमांकाच्या रकान्यात त्याच्यासाठी काय लिहायचं, असं कर्मचाऱ्याने विचारलं तर रोज किती ते लिहायला सांगा.