उस्ताद, तुमच्या डब्यात एक वायर उरली असेल

आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या गॅरेजचे सर्वेसर्वा उस्ताद यांसी,
स. न. वि. वि.

गुरुवारी तुम्ही आमच्या मारुती ८०० ची क्लचप्लेट बदललीत, त्याबद्दल आधी आभार. काम इतके चोख झाले आहे की ही प्लेट आता आमच्या हयातीत झिजायची नाही. गाडी सुरूच होत नाही म्हटल्यावर ती झिजणार तरी कशी?

संध्याकाळी गाडी ताब्यात देताना तुमच्या पोरांनी "इंजिन थंड आहे, साहेब" म्हणत धक्का मारून दिली. मे महिन्यात थंड इंजिन म्हणजे नवलच, पण मी भोळा. शुक्रवारी सकाळी चावी फिरवली, तर नुसते 'टक्'. हेडलाइट लख्ख, हॉर्न तर अख्खी सोसायटी उठवेल असा. सेल्फ तेवढा हलेना. फोनवर तुम्ही तत्काळ निदान केलेत : बॅटरी गेली. बॅटरी सहा महिन्यांची आहे म्हटल्यावर ती जागच्या जागी बरी झाली आणि सेल्फ गेला. नाडी पाहणारे वैद्य निदान मनगट तरी मागतात हो!

बुधवारी हीच गाडी स्वतःच्या सेल्फवर तुमच्या दारात आली होती, हे मी नम्रपणे सांगून पाहिले. "जुन्या गाड्यांचं असंच असतं" असे उत्तर मिळाले. या वाक्यापुढे कुठलाच युक्तिवाद टिकत नाही.

मग शेजारचे काका खाली उतरले. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, हातात मीटर. त्यांनी एवढेच विचारले, "शेवटचा हात कुठे लागला?" मी म्हणालो, गिअरबॉक्सला. धक्क्याने सुरू होते म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी ठीक आहे, असे पुटपुटत त्यांनी बॅटरी मोजली : १२.६ व्होल्ट. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली आणि मला चावी फिरवायला सांगितली. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. दिसले सात! आणि दोन-तीनदा चावी मारेपर्यंत क्लचची केबल हाताला चटका देऊ लागली.

सेल्फ फिरायला शंभरेक अँपिअर करंट लागतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. तो जाड वायरने जातो आणि त्याला परत यायलाही तितकीच जाड वाट लागते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले, म्हणजे बॉडीपासून तुटलेले. ती वाट म्हणजे गिअरबॉक्सला बोल्टने कसलेली अर्थची वायर. गिअरबॉक्स उतरवताना ती सोडावीच लागते, यात तुमचा काही दोष नाही. चढवताना मात्र ती राहिली. मग पूल बंद झाल्यावर सगळी वाहतूक बोळात घुसावी, तसा सगळा करंट क्लचच्या बारीक केबलमधून परत येऊ पाहत होता. आणखी थोडा वेळ चावी मारत बसलो असतो, तर धूर निघाला असता.

काकांनी जंपर केबलचे एक टोक मायनसला आणि दुसरे इंजिनला चिमटले. अर्ध्या फेऱ्यात गाडी सुरू! गेलेली बॅटरी, गेलेला सेल्फ, दोघेही परत आले.

आता बिलाविषयी. त्यात 'किरकोळ सामान, दीडशे रुपये' अशी एक ओळ आहे. हे सामान लावल्याचे पैसे की काढून घेतल्याचे, तेवढा खुलासा व्हावा.

आपला,
जंपर केबलवर जगणारा एक गिऱ्हाईक

ता. क. : वायर काळी आहे, बोटाएवढी जाड, दोन्ही टोकांना भोक असलेल्या पट्ट्या. पोराच्या हाती पाठवून द्या. बोल्टही तिथेच असेल.