बिस्किट कलरचं बाळ

आमच्या घराण्यात एक नियम होता. बाळ जन्माला येईपर्यंत त्याच्या नावाने सुतळीचा तोडासुद्धा विकत आणायचा नाही. भाचीला सातवा महिना लागला आणि हा नियम कुरिअरच्या खोक्यांखाली दबून वारला. डोहाळजेवणाला तिच्या दारात पाऊल टाकताना ‘बाजारात तुरी’ अगदी ओठांवर आलं होतं. पण आतून नारळीभाताचा वास आला आणि म्हण गिळली.

“मामा, बेबीची रूम बघितलीस का?”

बघितली. भिंती बिस्किट कलरच्या. पडदे बिस्किट कलरचे, गालिचा बिस्किट कलरचा, हत्तीसुद्धा चहात बुडवून काढल्यासारखा. फळीवर एक लाकडी इंद्रधनुष्य होतं. त्याचे सातही पट्टे बिस्किट कलरचे. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळ्यांना हाकलून द्यायचं आणि वर त्याला इंद्रधनुष्य म्हणायचं, याला छाती लागते.

“फोटोत किती शांत वाटतं ना?” भाची म्हणाली.

शांत वाटतंच. फोटोत बाळ नाहीये ना अजून.

आता गंमत अशी, की नवजात बाळाला धड दिसतं ते वीस-तीस सेंटिमीटरवरचं, म्हणजे दूध पिताना आईचं तोंड. त्यापलीकडे सगळं धूसर. डोळ्यांत आधी भरतं ते काळं-पांढरं, ठळक कडांचं. रंगारंगांतले बारकावे कळायला काही महिने जावे लागतात. म्हणजे बिस्किटी भिंतीपुढचा बिस्किटी हत्ती या खोलीच्या मालकाच्या लेखी अस्तित्वातच नाही. पाळण्यावर लाल-हिरव्या कापडी चिमण्यांचं चिमणाळं टांगणाऱ्या आमच्या आजीने कुठला शोधनिबंध वाचला नव्हता. तिच्याकडे चिंध्या तेवढ्या रंगांच्या होत्या, इतकंच. पण नेम बरोबर लागला.

“आणि हा बेड. एकदम जमिनीलगत. मॉन्टेसरी आहे.”

आमच्याकडे त्याला अंथरूण म्हणत.

मॉन्टेसरी हा शब्द हल्ली लाकडाला लावतात, पॉलिशसारखा. लावला की भाव चढतो. मॉन्टेसरी कपाट, मॉन्टेसरी आरसा, मॉन्टेसरी स्टूल. मारिया मॉन्टेसरीबाईंनी पहिली शाळा काढली ती 1907 साली, रोममधल्या सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत हुंदडणारी, भिंती खराब करणारी पोरं हे त्यांचे विद्यार्थी. आणि आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, तेव्हा मॉन्टेसरीची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग शंखशिंपले, बिया, काड्या, पानं, खडे यांवर मोजणं, जुळवणं, लावणं सुरू झालं. साधन समुद्रकाठी आणि झाडाखाली फुकट पडलेलं होतं. फक्त वाकून उचलायचं होतं. भाचीच्या फळीवर बियांसारखे दिसणारे लाकडी मणी आहेत, सुती पिशवीत. किंमत विचारली. नारळीभात जरा घशात अडकला.

त्याशेजारी दुपटं बदलायचं टेबल. कमरेइतकं उंच, खाली कप्पे. “एकदम प्रॅक्टिकल,” जावई म्हणाले. कबूल, सिझेरियननंतर वाकायचं नसतं, त्या दिवसांत उपयोगी पडेल. पण पालथं पडायला शिकलेलं पोर आणि कमरेइतकी उंची, ही जोडी मला झेपत नाही. सतरंजीवरून अजून तरी कुणी पडलेलं नाही.

या खोलीत एकाच वस्तूपुढे मी मान तुकवली. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांनी 1972 साली आणलेली ट्रिप ट्रॅप खुर्ची, किंवा तिची कुठलीशी देशी बहीण. ऑप्सविक यांचा दोन वर्षांचा मुलगा जेवणाच्या टेबलाशी बसेना. मोठ्यांच्या खुर्चीत पाय लोंबकळायचे. बापाने खुर्चीच अशी केली की बसायची फळी आणि पायाची फळी पोराच्या वाढीप्रमाणे सरकवता येते. हा माणूस आधी पोराकडे बघून मग लाकडाकडे वळला. देखणी तर ती आहेच. (ही खुर्ची पण त्यांना बिस्किट कलरमध्येच मिळाली, हे वेगळं सांगायला नको.)

एवढ्यात विहीणबाई आल्या. त्यांच्या हातात मोहरीची उशी. “डोकं गोल होतं,” त्या म्हणाल्या. भाचीने कपाळाला आठ्या घालून मोबाइल काढला: बाळाच्या अंथरुणात उशी नको, बालरोगतज्ज्ञ सांगतात. खरंच सांगतात. पाठीवर, सपाट गादीवर, बाकी काही नाही. विहीणबाई हिरमुसल्या. मला वाटलं, वा, पोरगी शहाणी. मग दाराआडच्या खोक्यात बघितलं, तर तिथे पाळण्याला आतून चहूबाजूंनी बांधायची मऊ गादीची झालर, बिस्किट कलरची. अमेरिकेत 2022 साली कायदा करून अशा झालरी विकायलाच बंदी घातली; बाळाचं नाक त्यात दबून गुदमरायची भीती असते.

“ही कशाला गं?”

“सेटमध्ये आली रे. शिवाय त्यानेच पाळणा भरल्यासारखा दिसतो.”

उशी परत गेली. झालर अजून खोक्यात आहे, म्हणजे आशा आहे.

निघताना वर लक्ष गेलं. पांढऱ्या छतावर गडद तपकिरी, जुना, भलीमोठी पाती असलेला पंखा. आमच्या घरातलं प्रत्येक पोर पहिले तीन महिने अशाच पंख्याकडे डोळे लावून पडलेलं होतं. हातपाय झाडत, हुंकार देत, स्वतःशीच हसत. पांढऱ्यावर काळं, आणि वर फिरणारं. आणखी काय पाहिजे?

“ही एक वस्तू मात्र फर्मास आहे,” मी म्हणालो.

“तो ना? थीमला जात नाही म्हणून उद्या काढायला माणूस येतोय.”