रेघेचं रेशनकार्ड

वर्षभराच्या वीजबिलांतले युनिट वहीत टिपून ठेवले होते. त्यांचा आलेख काढावा म्हणून पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबला एका शब्दात हुकूम सोडला: प्लॉट. निळी रेघ उमटली, मे महिन्यातला कूलरचा पराक्रम दिसला. माझं काम झालं.

आत मात्र केवढी धावपळ! प्लॉट आधी विचारतो, सध्याची चौकट कुठाय? नाही. बरं, सध्याचा कागद? तोही नाही. मग कागद येतो, न सांगता 6.4 बाय 4.8 इंचांचा. त्यावर ॲक्सेस नावाची चौकट, तिच्या चार कडा, दोन अक्ष, अक्षांवर खुणा, खुणांपाशी आकडे. एवढा संसार मांडून झाल्यावर रेघ घरात पाऊल टाकते. (अक्ष म्हणजे ॲक्सिस आणि चौकट म्हणजे ॲक्सेस. बारशाला एखादं शहाणं माणूस हवं होतं.) 'सध्याचं' काय ते धरून चालायची ही रीत मॅटलॅब या सॉफ्टवेअरकडून आलेली. जॉन हंटर अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत्संकेत अभ्यासत होते, त्या कामातून मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी उभी राहिली आणि 2003 मध्ये लोकांपुढे आली. आतले सगळे स्वतःला आर्टिस्ट म्हणवतात, अक्षावरची चिमुकली खूणसुद्धा. ब्रश मात्र रेंडररच्या हाती.

मला मोह झाला. रेघ तयारच आहे, शेजारच्या चौकटीतही तीच टाकू. लाल अक्षरांत एरर: एक आर्टिस्ट दोन चौकटींत चालत नाही. म्हणजे रेशनकार्डच. इथलं नाव कमी केल्याशिवाय तिथे चढत नाही. आमच्या लग्नानंतर हिचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करायला दोन पावसाळे गेले होते. इथे एका 'रिमूव्ह'वर भागलं. रेघ नव्या चौकटीत घातली, एरर नाही. आणि बघतो तर बाई जुन्याच चौकटीत, होत्या तिथेच!

शोधलं. कुठला आकडा कागदावर कुठे पडायचा, हे ठरवणारा ट्रान्सफॉर्म रेघेला पहिल्या घरी मिळतो. नाव कमी झालं तरी तो तिच्याजवळच राहतो, आणि नवी चौकट 'आहे की हिच्याकडे' म्हणून दुसरा देत नाही. यादीत नाव सासरच्या, मापं माहेरची.

हिला बोलावून दाखवलं.

"त्यात काय एवढं?" ही म्हणाली. "आमटीची डाळ मी अजून आईच्याच वाटीनं घेते."