काकांचं सात मिलिमीटरचं नियोजन

ठाण्याच्या काकांनी एसीचा रिमोट उचलला, आकडा तेवीसवर आणला आणि जाहीर केलं, "एवढंच ना? ह्यात आपण रोज झोपतो."

विषय अझोर्सचा चालला होता. लिस्बनच्या पश्चिमेला जवळजवळ १,५०० किलोमीटरवर, भर अटलांटिकात वर आलेली पोर्तुगालची नऊ ज्वालामुखी बेटं. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथलं पाणी तापून तापून २३-२४ अंशांवर जातं. मार्चमध्ये १५-१६ वर येतं. लिस्बनला नोकरी करणारा पुतण्या व्हिडिओ कॉलवर होता. तो म्हणाला, "काका, एसीत हवा असते. हे पाणी आहे." पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. काकांची पहिली बुडी मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. पुढे हॅवलॉकला जाऊन त्यांनी १८ मीटरपर्यंतचं प्रमाणपत्रही मिळवलं. पण दोन्हीकडे समुद्र असा की पाण्याबाहेर आल्यावरच थंडी वाजावी.

काकांना मार्चचं तिकीट स्वस्त दिसत होतं.

"मार्चमध्ये शार्क नसतात," पुतण्या म्हणाला, आणि मार्च निकालात निघाला.

हे निळे शार्क पाहायला लोक जगभरातून फायाल आणि पिको ह्या बेटांवर येतात, आणि तेही उन्हाळ्यात. फायालपासून काही मैलांवर काँडर नावाचा पाण्याखालचा डोंगर आहे. त्याचा माथाच मुळी दोनशे मीटर खोल. बोट वर थांबते, इंजिन बंद होतं, माशांच्या तुकड्यांनी भरलेलं भांडं पाण्यात सोडतात आणि सगळे वाट बघत बसतात. कधी तासभर, कधी कितीतरी जास्त. शार्क आले की डायव्हर उतरतात आणि बोटीखाली सोडलेल्या दोरीला धरून तरंगत राहतात.

"पिंजरा असेल ना?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. दोरी असते."

काकूंचं माहेर मालवणचं. त्यांना शार्कपेक्षा त्या भांड्यात कुठले मासे वाया घालवतात ह्याची चौकशी करायची होती.

थंडीवर उपाय म्हणून जहाजावर नोकरी केलेल्या एका स्नेह्याने आपला सात मिलिमीटरचा वेटसूट देऊ केला. मे महिन्यातल्या दुपारी, पंखा पाचवर ठेवून, काकांनी तो चढवायला घेतला. उशीला आखूड अभ्रा घालावा तसं ते प्रकरण होतं. पाय सरकावेत म्हणून पावलांना भाजीच्या पिशव्या बांधल्या. मांडीपर्यंत ठीक चाललं. पोटाशी काम अडलं. सूटची चेन पाठीवर, काकूंनी काकांच्या पाठीला गुडघा टेकवला, चेनीचा लांब पट्टा दोन्ही हातांनी ओढला आणि म्हणाल्या, "श्वास सोडा. अहो, अजून सोडा." चेन मानेपर्यंत पोचली. काकांना हात खाली येईनात. तेवढ्यात बेल वाजली. दारात गॅसवाला. त्याने काळ्याकुळकुळीत, लालबुंद चेहऱ्याच्या, हात पसरून उभ्या असलेल्या काकांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अदबीने विचारलं, "साहेब, सिलिंडर आतपर्यंत आणू?"

एवढ्यावर भागत नाही. निओप्रीनच्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे असतात. ऊब त्यांच्यामुळेच, आणि त्यांच्यामुळेच जाड सूट घातलेला माणूस बुडता बुडत नाही. त्याला खाली न्यायला कमरेला शिसं बांधावं लागतं, ढोबळ हिशेबाने वजनाचा दहावा हिस्सा. काकांच्या बाबतीत ते आठ किलोच्या वर गेलं. "डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय, आणि तुम्ही शिसं बांधून घेणार?" काकू म्हणाल्या. पुढची गंमत पुतण्याने सांगितली: दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्मे होतात, आणि जिथे उबेची गरज जास्त तिथेच सूट पातळ पडतो. ही व्यवस्था कोणी केली असावी ह्याबद्दल काकांनी काही उद्गार काढले. शिसं तिथेच भाड्याने मिळतं, एवढाच काय तो दिलासा.

दर रविवारी येऊर चढणाऱ्या काकूंना पाण्यात शिरायचं नव्हतं. त्यांना पिको चढायचा होता. २,३५१ मीटर, पोर्तुगालचा सर्वांत उंच डोंगर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सातशे मीटर जास्त. निम्म्या उंचीपर्यंत गाडी जाते हे त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. पण बुडी मारल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. तो पडण्याआधी माणूस उंचावर गेला तर अंगात बुडबुडे होतात. मग ती उंची विमानाची असो की डोंगराची. म्हणूनच एकापेक्षा जास्त बुड्या मारल्यावर निदान अठरा तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. थोडक्यात, काकूंचा डोंगर आधी, काकांचे शार्क नंतर. काकूंनी हा शास्त्रीय निष्कर्ष फारशी चर्चा न होऊ देता मान्य केला.

पिकोहून फायालला फेरी बोटीने अर्धा तास, तिथे अडचण नव्हती. अडचण व्हिसाची होती. अर्जाबरोबर कुठल्या तारखेला कुठे असाल ते मांडावं लागतं, आणि बोटवाल्यांचं प्रत्येक उत्तर "हवामान बघून" ह्यावर संपतं. युरोपला उन्हाळ्यात कोरडं ऊन देणाऱ्या उच्च दाबाच्या पट्ट्याला अझोर्सचं नाव आहे. खुद्द अझोर्समध्ये मात्र एका दिवसात चारही ऋतू होतात असं तिथलेच लोक सांगतात. घरचं न मिळणं हे काही आपल्याकडेच नाही.

मग काकूंना तेर्सैरा बेट सापडलं. १४९९ साली हिंदुस्थानातून परतताना वास्को द गामाचा आजारी भाऊ पाउलो तिथे वारला. तिथल्या आंग्रा गावातच त्याला पुरलं. गोव्याहून मसाले घेऊन निघालेली जहाजं लिस्बनच्या आधी आंग्राला थांबत. यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन हा डच गृहस्थ १५८३ पासून गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. परतीच्या वाटेवर १५८९ मध्ये तेर्सैराला उतरला आणि दोनेक वर्षं अडकून पडला. त्याच्या वेळापत्रकाचं ऐकून काकांना बरं वाटलं. शिवाय आंग्राच्या उपसागरात तळाशी जुन्या जहाजांचे नांगर पडलेत, आणि १८७८ मध्ये बुडालेली लिदादोर ही आगबोट दहा मीटरांच्या आतच आहे. काकांच्या प्रमाणपत्रात ती आरामात बसते.

तेर्सैराहून पिकोला विमान. म्हणजे पुन्हा अठरा तास. काकांनी एक्सेलची नवी फाइल उघडली: तेर्सैरा, लिदादोर, एक दिवस कोरडा (त्यात काकूंचा पाउलो द गामा), पिको, डोंगर, फेरी, फायाल, शार्क, पुन्हा एक दिवस कोरडा, परत. समुद्र रुसला तर म्हणून मध्ये एक जास्तीचा दिवस. व्हिसाच्या तक्त्यात रिकामी ओळ चालत नाही, तेव्हा पुतण्याने तिथे "फायाल: ओर्ता शहर" असं लिहायला सांगितलं.

"तिथे काय बघायचं?" काकूंनी विचारलं.

"पीटर कॅफे स्पोर्ट. १९१८ पासून आहे. अटलांटिक ओलांडणारे खलाशी तिथे जिन पीत हवामान सुधारायची वाट बघतात."

काकांनी ती ओळ ठळक केली, आणि जास्तीचे दिवस एकाचे दोन.